मुख्य अर्जदार

एकूण गुण बाराशे. त्यातले सहाशे एखाद्या प्रांतानं आपलं नाव सुचवलं तरच मिळणार, म्हणून बहुतेकांचा सगळा जीव उरलेल्या सहाशेत अडकलेला. वय, शिक्षण, भाषा, अनुभव, जोडीदार. कॅनडानं बाहेरून येऊन स्थायिक होऊ पाहणाऱ्यांच्या निवडीसाठी जानेवारी २०१५ मध्ये एक्स्प्रेस एंट्री सुरू केली. तेव्हापासून पुण्या-मुंबईकडच्या, नाशिक-नागपूरकडच्या किती घरांत, रात्रीची जेवणं उरकल्यावर आणि ओटा पुसून झाल्यावर, हा तक्ता उघडून नवरा-बायको समोरासमोर बसली असतील! बेरीज हलक्या आवाजात चालते. आतल्या खोलीत आई-वडील झोपलेले असतात आणि त्यांना अजून काही सांगितलेलं नसतं.

या तक्त्यावर माझा राग नाही. उलट आदर आहे, आणि तो का आहे हे आधी सांगितलं पाहिजे.

मी सिव्हिल इंजिनिअर, काम काँक्रीट आणि माती तपासण्याचं. साइटवर ओतलेल्या काँक्रीटचे दीडशे मिलिमीटरचे क्यूब भरायचे, दुसऱ्या दिवशी साच्यातून काढून पाण्याच्या टाकीत ठेवायचे, काही सातव्या दिवशी आणि बाकीचे अठ्ठाविसाव्या दिवशी मशीनखाली दाबायचे. क्यूब फुटतो तेव्हा कोपऱ्याकडून तडे जातात, कडेचे पापुद्रे सुटतात आणि मधे डमरूसारखा गाभा उरतो. काटा जिथून मागे फिरला तो आकडा रजिस्टरमध्ये. एम पंचवीस म्हणून काढलेलं काँक्रीट पंचवीस न्यूटनला उतरलं नाही, तर मग कंत्राटदार खुर्चीवरून उठून जवळ येतो, चहा मागवतो, ‘मॅडम, बघा की जरा’ म्हणतो. कधी कुणाचा तरी फोन येतो. अशा वेळी माझ्या बाजूनं फक्त तो आकडा उभा असतो. मी बाई आहे, वयानं लहान आहे, कुणाची कोण लागते, यातलं काहीही त्या आकड्याला ठाऊक नसतं. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मला माझ्या शिक्षणापेक्षाही त्या आकड्यानं जास्त सांभाळलं.

म्हणून कॅनडाचा तक्ता पहिल्यांदा नीट वाचला तेव्हा त्यात काय नाही याच्याकडेच माझं लक्ष गेलं. जात नाही. धर्म नाही. गाव नाही. वडील काय करतात हा रकाना गुणांच्या हिशेबात नाही. कुणाची चिठ्ठी आणावी लागत नाही. सख्खा भाऊ किंवा बहीण तिथे राहत असेल तर पंधरा गुण मिळतात, नात्याचे काय ते तेवढेच. आपल्याकडे साध्या बदलीसाठी, मुलाच्या प्रवेशासाठी, कुणाकुणाच्या दारात उभं राहावं लागतं हे ज्यांनी पाहिलंय, त्यांना या कोरेपणाची किंमत कळेल.

हा कोरेपणा कॅनडाला सहज सुचलेला नाही. २३ मे १९१४ रोजी कोमागाटा मारू हे जहाज व्हँकुव्हरच्या बंदरात येऊन थांबलं. त्यावर ३७६ प्रवासी होते, बहुतेक पंजाबातले शीख, काही मुसलमान आणि हिंदू. ज्या साम्राज्यात कॅनडा होता त्याच साम्राज्याचे ते प्रजाजन. पण १९०८ च्या एका नियमानुसार मायदेशाहून वाटेत न थांबता थेट आलेल्यालाच उतरता येत असे, आणि हिंदुस्थानातून असं थेट जाणारं जहाजच नव्हतं. त्या नियमात वर्णाचा एक शब्द नव्हता. गरजच नव्हती. दोन महिने माणसं किनारा बघत जहाजावर राहिली. मोजक्या काही जणांना उतरू दिलं, बाकीच्यांना घेऊन २३ जुलैला जहाज परत फिरलं. कलकत्त्याजवळ बजबजला सप्टेंबरअखेरीस ते लागलं तेव्हा ब्रिटिश पोलिसांच्या गोळीबारात त्यातले कितीतरी जण मारले गेले. पुढे स्वातंत्र्यानंतर, १९५१ साली, कॅनडानं भारतीयांसाठी कोटा ठरवून दिला: वर्षाला दीडशे माणसं. कोल्हापुरातल्या मध्यम घरच्या लग्नातसुद्धा एका पंगतीला याहून जास्त पानं उठतात. १९५७ मध्ये या दीडशेचे तीनशे झाले.

मग १९६२ साली एलेन फेअरक्लॉ या मंत्रिणबाईंनी वर्णावर आधारलेल्या निवडीचा बराचसा भाग नियमांतून काढून टाकला आणि १ ऑक्टोबर १९६७ पासून गुणांची पद्धत आली. तिच्या आखणीचं श्रेय टॉम केंट या अधिकाऱ्याला देतात. जगात ती पहिली. शंभरपैकी पन्नास मिळवणारा पात्र. शिक्षणाला वीस, वयाला दहा, भाषेला दहा, आणि चक्क पंधरा गुण समोर बसलेल्या अधिकाऱ्याच्या हातात: माणूस जुळवून घेईल का, उमेद आहे का, हिकमती आहे का. या पंधरा गुणांचा विचार मी पुष्कळदा केलाय. तेव्हाच्या एखाद्या मराठी मुलानं, पहिल्यांदाच टाय बांधून, मुलाखतीच्या खोलीत शिरताना कसा श्वास घेतला असेल! आता ते पंधरा गुण नाहीत. माझा चेहरा कुणी पाहिला नाही आणि ते मला बरं वाटलं.

तर आदर हा असा आहे. पण तक्ता रोज उघडून बसलं की तो माणसाला आत काय करतो, तेही तितकंच खरं.

वयाचं घ्या. जोडीदारासह अर्ज करणाऱ्याला विशीपासून एकोणतिसापर्यंत शंभर गुण. तिसाव्या वर्षी पंच्याण्णव. मग दर वाढदिवसाला पाच-पाच कमी, चाळिसाव्याला पंचेचाळीस, त्यानंतर दहा-दहा, आणि पंचेचाळीस पूर्ण झाली की शून्य. आमच्या पदवीचे कागद विद्यापीठाकडून बंद पाकिटात, पाकिटाच्या तोंडावर सही-शिक्क्यानिशी जायचे होते. त्या पाकिटाच्या वाटेत माझा तेहेतिसावा वाढदिवस आला. आईनं पाटावर बसवून औक्षण केलं, डोक्यावर अक्षता टाकल्या, ‘शंभर वर्षांची हो’ म्हणाली. मी ४४९ वरून ४४४ वर आले होते. तिला हे तेव्हा सांगितलं नाही, आणि तिचा आशीर्वाद घेताना मनात वजाबाकी आली याचं मला वाईट वाटलं.

भाषेचं आणखी कडक. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत ऐकण्यात आठ आणि वाचन, लेखन, बोलणं यांत प्रत्येकी सात बँड मिळाले तर सगळं जुळतं. लेखनात साडेसहा पडले तर भाषेचे गुण फक्त सातच कमी होतात; पण शिक्षण आणि अनुभव यांची भाषेशी सांगड घालून जे शंभर मिळतात, त्यांचे पन्नास होतात. म्हणजे निबंधातल्या अर्ध्या बँडला सत्तावन्न गुण. एकोणतीस ते चाळीस या अकरा वर्षांत वय माणसाचे पंचावन्न नेतं. चाळीस मिनिटांत लिहिलेला अडीचशे शब्दांचा एक निबंध त्याहून जास्त नेऊ शकतो. परीक्षा केंद्राबाहेर पाण्याची बाटली घट्ट धरून उभी असलेली, तिशी ओलांडलेली माणसं मला अजून आठवतात. शाळेत मराठी माध्यमात शिकलेली, नोकरीत इंग्रजी रोज वापरणारी, आणि तरी पेन्सिल हातात आल्यावर पुन्हा आठवीच्या बाकावर जाऊन बसलेली.

आणि मग नवरा. माझा नवरा ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवत असे. अकरावी-बारावीचं मराठी म्हणजे सायन्सच्या मुलांनी गुणांपुरतं घ्यायचा विषय, पण त्याच्या तासाला मुलं बसायची. तुकारामाचा अभंग वाचताना त्याचा आवाज खाली जातो, आणि मागच्या बाकावरची कुजबुज आपोआप थांबते, हे मी स्वतः दाराबाहेर उभी राहून ऐकलेलं आहे. तक्त्यात जोडीदाराच्या शिक्षणाला जास्तीत जास्त दहा, त्याच्या एम. ए.ला ते पूर्ण मिळाले. इंग्रजीचे बारा. भारतात केलेल्या नोकरीला जोडीदाराच्या रकान्यात जागाच नाही. मराठीलाही नाही. त्या देशाचा कारभार इंग्रजी आणि फ्रेंचमध्ये चालतो, तेव्हा त्यांनी त्याच दोन भाषांना गुण द्यावेत हे रास्त आहे, मी त्यावर वाद घालणार नाही. मी एवढंच सांगते की ज्या माणसाच्या बोलण्यानं माझं घर भरलेलं होतं, तो त्या तक्त्यात बावीस होता.

अर्ज करायच्या आधी आम्ही एका सल्लागाराकडे गेलो होतो. त्यानं कॅल्क्युलेटर पुढे ओढला आणि सहज म्हणाला, ‘सर सोबत येणार नाहीत असं दाखवा. तीन गुण वाढतील.’ घरी येऊन मी बेरीज पडताळली. खरं होतं. एकटीनं अर्ज केला की वय, शिक्षण आणि भाषा यांची कमाल मर्यादा वाढते. माझे ४४४ चे ४४७ होत होते. नवरा बावीस गुण आणत होता आणि तो सोबत आहे म्हणून माझ्या बाजूचे पंचवीस जात होते. त्या वर्षी कटऑफ ४४० च्या आसपास घुटमळत होता, तेव्हा तीन गुण म्हणजे थोडे नव्हते.

तो म्हणाला, ‘लिही की तसं. मी मागून येईन.’ अगदी शांतपणे म्हणाला, पोळीचा तुकडा मोडता मोडता. मुलगा त्याच्या मांडीवर झोपलेला होता. मी ‘नाही’ म्हटलं. त्यानं पुन्हा आकडे समजावले, मी पुन्हा ‘नाही’ म्हटलं. यात मोठेपणा नव्हता. जो सोबत येणार हे आम्हा दोघांना ठाऊक होतं, तो येणार नाही असं लिहून आमचा तिथला पहिला कागद सुरू करायचा नव्हता, आणि तीन गुणांना मी माझा माणूस मोजून द्यायला तयार नव्हते. हे लिहितानाही माझा आवाज चढतो. ज्यांनी तसं लिहिलं त्यांना मी नावं ठेवत नाही. काहींची दोन-दोन, तीन-तीन वर्षं ताटातुटीत गेली, ते मी पाहिलं आहे.

फॉर्मवर ‘मुख्य अर्जदार’ म्हणून माझं नाव आणि त्याखाली ‘सोबतचा जोडीदार’ म्हणून त्याचं. आईला हे कळलं तेव्हा तिनं चष्मा लावून स्क्रीनवरचं नाव वाचलं. ‘पहिलं नाव तुझं?’ तिनं विचारलं. आईच्या माहेरची शेती पंचगंगेच्या काठची, उसाची. आजोबा गेल्यावर तिनं आणि मावशीनं भावांच्या नावे हक्कसोडपत्र करून दिलं, तलाठ्याकडे जाऊन सह्या केल्या, आणि परत येताना भावानं दोघींना साड्या घेतल्या. सातबाऱ्यावर तिचं नाव लागलं तेवढ्याच दिवसांपुरतं. तिनं त्याबद्दल कधी कुरकुर केली नाही. पण त्या दिवशी ती माझं नाव बराच वेळ बघत राहिली.

तिच्याबद्दलच मला खरं लिहायचं आहे.

अनुभवाचे गुण मिळायला वर्षाला १,५६० तासांचं पगारी काम दाखवावं लागतं, आठवड्याला तीस तास. कंपनीच्या लेटरहेडवर हुद्दा, पगार, तास, कामाचं स्वरूप, सगळं. माझे तास त्याहून कितीतरी जास्त भरले. स्लॅब रात्री ओतायचा असेल तर मी रात्री साइटवर असे. मुलगा झाला तेव्हा बाळंतपणाच्या रजेनंतर मी कामावर हजर झाले आणि माझ्या अनुभवात एका महिन्याचीही फट पडली नाही. ती पडली नाही कारण आई कोल्हापूरचं घर वडिलांच्या हवाली करून पुण्याला आमच्याकडे येऊन राहिली. पोराला न्हाऊ घालणं, त्याची पेज, त्याचं आजारपण, दुपारी त्याला पोटावर घेऊन खिडकीशी बसणं. वडील तिकडे खानावळीच्या डब्यावर जेवले आणि फोनवर कधी त्याबद्दल बोलले नाहीत.

कॅनडात प्रत्येक धंद्याला क्रमांक असतो. तेव्हाच्या यादीत सिव्हिल इंजिनिअर २१३१. उत्सुकतेनं मी चाळत गेले, तर घरी राहून मुलं सांभाळणाऱ्याचाही क्रमांक सापडला, ४४११. आईनं केलं ते हेच काम. पगार घेऊन परक्या घरात केलं असतं तर त्याला चार आकडे मिळाले असते. तिनं ते लेकीच्या घरी केलं, म्हणून ते माझ्या २१३१ मध्ये मिसळून गेलं. अनुभवापोटी मला मिळालेले पन्नास गुण मी कितीदा तरी मनातल्या मनात वाटून पाहिले आहेत, आणि माझ्या वाट्याला निम्मेही राहत नाहीत. खात्यावरची शिल्लकही तशीच. तिकडे पोचल्यावर गुजराण होईल एवढे पैसे दाखवावे लागतात, गेल्या सहा महिन्यांच्या सरासरीसकट. त्यात सासऱ्यांच्या प्रॉव्हिडंट फंडाचा मोठा भाग होता. त्यांनी स्टँप पेपरवर बक्षीसपत्र केलं: परतफेडीच्या अपेक्षेविना. नोटरीपुढे सही करताना त्यांचा हात थरथरला, तो वयानं, असं ते म्हणाले.

तक्ता माझ्या नावावर गुण लावतो, कारण त्याला एक नाव लागतं. क्यूब टाकीत ठेवतानाही मी त्यावर एकच नंबर घालते. खडी कुठल्या खाणीची, सिमेंट कुणी उचललं, रात्री पाणी कुणी मारलं, हे त्यावर मावत नाही. मला ते मान्य आहे. मात्र अर्जदार म्हणून माझ्यावर एक जबाबदारी येते, ती ही की माझ्या ४४४ ला मी एकटीची कमाई म्हणू नये. इकडे आलेल्या आमच्यातल्या कितीतरी जणांच्या तोंडी ‘आम्ही मेरिटवर आलो’ हे वाक्य असतं, आणि ते निर्वासितांबद्दल, नात्यानं बोलावलेल्या म्हाताऱ्यांबद्दल बोलताना हमखास येतं. ते मला सहन होत नाही.

निमंत्रण २०१९ च्या सुरुवातीला आलं. साठ दिवसांत पोलिसांचा दाखला, वैद्यकीय तपासणी, बँकेची पत्रं. त्याच वर्षाच्या शरदात आम्ही टोरांटोला उतरलो. त्या विमानतळाला लेस्टर पिअर्सन यांचं नाव आहे, आणि गुणांची पद्धत आली ती त्यांच्याच पंतप्रधानपदाच्या काळात. हे मला तेव्हा माहीत होतं आणि रांगेत उभी असताना मी नवऱ्याला सांगितलंही. तो मुलाचा बूट शोधत होता.

इथे काँक्रीटचे क्यूब करत नाहीत, सिलिंडर करतात. मी पुन्हा एका प्रयोगशाळेत साचे भरण्यापासून सुरुवात केली. माझ्या पदव्युत्तर शिक्षणाला तक्त्यानं १२६ गुण दिले होते, पण इंजिनिअर म्हणून सही करायला ओंटारिओत वेगळा परवाना लागतो, आणि त्यासाठी तेव्हा कॅनडातला अनुभव मागत. २०२३ मध्ये ती अट गेली. नवरा आठवडाभर एका गोदामात पाळीनं काम करतो आणि शनिवारी मराठी शाळेत शिकवतो. इथे जन्मलेली मुलं ‘ळ’ म्हणताना अडतात, तेव्हा तो त्यांना जीभ उलटी कशी लावायची ते तोंड उघडून दाखवतो. त्याचे विद्यार्थी कमी झाले, वय कमी झालं, बाकी तोच तास आहे.

आई-वडिलांना बोलावण्यासाठी गुण नाहीत. तिथे सोडत आहे. २०२० च्या ऑक्टोबरात सरकारनं इच्छुकांचे अर्ज घेतले, मीही भरला. त्यानंतरची कित्येक वर्षं त्याच ढिगातून नावं उचलत राहिले. ज्या देशानं माझं वय, माझं इंग्रजी, माझ्या नवऱ्याचं एम. ए. इतक्या बारकाईनं तोललं, त्याला माझ्या आईबद्दल काहीच विचारायचं नव्हतं. तिचा नंबर लागायचा तर योगायोगानं. हे मला डाचतं. गुण लावले असते तर ती पंचेचाळीसच्या पुढची, शून्य. म्हणून सोडत हीच तिच्यासाठी त्यातल्या त्यात बरी, हेही मला कळतं.

वडील गेल्यावर ती सुपर व्हिसावर आली. त्यावर एका खेपेला पाच वर्षांपर्यंत राहता येतं. लाखभर डॉलरचा आरोग्य विमा उतरवावा लागतो. ‘व्यवसाय’ या रकान्यात काय लिहू म्हणून मी तिला फोनवर विचारलं होतं. ‘घरी असते असं लिही,’ ती म्हणाली. मी ‘गृहिणी’ लिहिलं आणि पुढच्या मोकळ्या जागेत, कुणी विचारलेलं नसताना, पुण्यातली ती वर्षं लिहिली: नातवाचं संगोपन, अमुक सालापासून अमुक सालापर्यंत, पूर्ण वेळ.

इथे ती रमली, पण बेतानं. बर्फ पडलेल्या दिवशी खिडकी सोडत नसे. शनिवारच्या शाळेत जाऊन मुलांना भोंडल्याची गाणी शिकवून आली. एके दिवशी दाण्याचं कूट करता करता म्हणाली, ‘मला आता जाऊ दे. घर बंद आहे, पाऊस लागला की मागची भिंत ओल धरते.’ मी सोडतीचं सांगितलं, नाव लागलं तर कायमचं राहता येईल म्हटलं. ‘माझं नाव काढ त्यातनं,’ ती म्हणाली. ‘दुसऱ्या कुणाच्या आईचं लागू दे की. तिला यायचं असंल.’

ती कोल्हापुरात आहे. भिंतीचं काम तिनं स्वतः उभं राहून करून घेतलं, मिस्त्रीला सिमेंटचं प्रमाण मला फोनवर विचारून सांगितलं. तिचं म्हणणं बरोबर आहे हे मला पटतं. तरी त्या ढिगातून मी अर्ज अजून मागे घेतलेला नाही.